विषय क्रमांक सतरा

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सभागृहातला कूलर
पाणी संपल्यावर नुसता गरगरतो,
तसे आम्ही सकाळी साडेअकरापासून.
अनुदानाचा तिसरा हप्ता मुंबईत अडलेला,
कॉलेजांकडे संलग्नीकरण शुल्क थकलेलं,
ठेवींवरचा दर पुन्हा खाली.
वित्त अधिकारी ‘तूट’ म्हणतात तेव्हा
आवाज आपोआप उतरतो त्यांचा,
घरातल्या दुखण्याबद्दल चारचौघांत बोलावं तसा.

मी इतिवृत्त लिहितो.
कोण काय बोललं ते नाही, काय ठरलं ते.
बावीस वर्षांत एवढं कळलं
की ‘सविस्तर चर्चेअंती’मध्ये
दोन वेळचा चहा, एक राजीनाम्याची धमकी
आणि कुणाचं तरी घरभाडं
आरामात मावतं.

विषय नऊ : तासिका तत्त्वावरचे एकशे चौदा अध्यापक,
जूनपासून निम्मे. सविस्तर चर्चेअंती.
विषय बारा : कुलगुरू निवासाची गच्ची. तातडीची बाब म्हणून.
विषय सतरा : व्याजातून खर्च न भागणारी सुवर्णपदके
बंद करणे.
एकोणचाळीस पदकं. दीड मिनिट.
कुणीतरी विचारलं, जेवणात सावजी आहे का?
ते मी लिहिलं नाही.

वारसांना पत्रं मीच काढतो. ‘मूळ निधीत भर घालावी,
अन्यथा’ आणि पुढे सही.
बहुतेक परत येतात. पत्ता सापडत नाही, घर पडलं,
मुलं पुण्याला.
गोळीबार चौकातून मात्र माणूसच आला,
पत्र दुधाच्या पिशवीत घडी करून.
कवडूजी हेडाऊ. वय चौऱ्याहत्तर.

जुनी खातेवही काढली. सन अडुसष्ट, तीन हजार रुपये रोख.
दाता लटारू हेडाऊ, साचेखातं, एम्प्रेस मिल.
‘कु. वत्सला हिच्या स्मरणार्थ,
रसायनशास्त्रात पहिल्या येणाऱ्या मुलीस.’
तेव्हा व्याज वर्षाला दोनशे दहा,
त्यात तोळाभर सोनं घेऊन वर पेढे.
आता व्याज एकशे पासष्ट.
मी बोट ठेवून दाखवलं.
त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही,
बापाच्या सहीकडे पाहिलं.
‘ल’ जरा मोठा होता, बाकीची अक्षरं त्याला धरून चाललेली.

‘बहीण बी. एस्सी. दुसऱ्या वर्षाले गेली जी.
बाबानं फंड काढला सारा. माय म्हणे, घरावर कवेलू तं टाका.
बाबा म्हणे, मिल बुडन, बँक बुडन,
युनिव्हर्सिटी कशी बुडन?’

मिलच्या जागी मॉल आहे.
मी वरच्या पंख्याकडे पाहत राहिलो.

‘सोनं राहू द्या ना साहेब.
नाव तं वाचान का नाही?’

निधीशिवाय नाव वाचायची तरतूद नाही.
हे मला तोंडपाठ आहे, परिच्छेदासकट.
तोंड उघडलं आणि निघालं : पाणी घेता का?
ते माठाजवळ गेले, दोन पेले प्यायले,
पेला पालथा घालून जागेवर ठेवला
आणि तीन वाजताची बस धरायला उन्हात उतरले.

रात्री परिशिष्ट ‘क’ टाइप केलं. बंद पदकांची यादी.
तीसनंतर बत्तीस.
परिशिष्ट कुणी वाचत नाही. वाचलं तर
टंकलेखनातली चूक, दिलगिरी व्यक्त करता येते.
उरलेल्या अडतीस जणांना मी काय सांगणार होतो?
काही सांगितलं नाही.

जूनच्या सभेत इतिवृत्त कायम झालं.
सूचक, अनुमोदक, एकमताने.
पदवीदानाच्या यादीत ती ओळ आपोआप येईल,
माइकवर कुणी तरी वाचेल, नाव बहुधा चुकवेल.
सोनं नाही. कागद असेल.
एकशे पासष्टात सीताबर्डीला
एक बरी फ्रेम येते,
काच धरून.