परतीचं अर्धं तिकीट

नाम खानच्या काठावर, बांबूच्या टपरीत
मनीवोन बसते, पुलाचे पैसे घेते.
पूलही बांबूचाच. तिचा सासरा, दोन दीर
आणि एका पायाने अधू असलेला शेजारी
पावसाळा ओसरला की तो नव्याने बांधतात,
आणि नदी तांबडी होऊन फुगायच्या आत
आपल्याच हातांनी उसवून ठेवतात.
"आपण सोडवला तर बांबू आपले," ती म्हणाली,
"नदीने सोडवला तर नदीचे."

तिकीट म्हणजे गुलाबी कागदाचा चतकोर.
निम्मा फाडून तिने डब्यात टाकला,
निम्मा माझ्या मुठीत दिला.
येताना दाखवा. हरवू नका.

लुआंग प्रबांग पाहायला मी यादी घेऊन आले होते.
टेकडीच्या पायऱ्या मोजल्या, दोनदा चुकले,
वर पोचले तर एवढी गर्दी
की दिसले फक्त उंचावलेले हात
आणि चौदा फोनांमध्ये चौदा वेळा बुडणारा सूर्य.
जुन्या विहाराच्या मागच्या भिंतीवर
रंगीत काचांचं झाड. त्याच्याखाली
चीवर खोचून एक पोरगेला भिक्खू
पानं झाडत होता. खऱ्या झाडाची.
काचेचं काही गळत नाही.

यादीत नव्हतं ते असं:
पहाटे भगव्या रांगेपुढे लोक गुडघ्यांवर,
वेताच्या टोपलीत चिकट भात, वाफ अजून जिवंत,
प्रत्येक पात्रात बोटांच्या चिमटीएवढा घास.
मी लांब, बंद दुकानाच्या पायरीशी,
कॅमेरा पिशवीत.
रांग संपते तिथे तीन पोरं
रिकाम्या टोपल्या मांडून बसलेली.
भिक्खू थांबले,
आणि मिळालेल्यातलं त्यांच्या टोपल्यांत टाकत पुढे गेले.
भिक्षेला निघालेलेच वाढत होते.
कुणाचं पात्र, कुणाचा हात, मला नीट कळेना.
कुणी विचारतही नव्हतं.

थोंगसाय नावाड्याने मेकाँगवरून गुहेकडे नेलं.
दोन तास, इंजिनाची धडधड तळपायांपासून दाढांपर्यंत.
गुहेत शेकडो बुद्ध, कुणाचं नाक झिजलेलं,
कुणाचा हात गेलेला, एकमेकांना खेटून
एकाच खोलीतल्या भाडेकरूंसारखे.
पण तो मला पाणीच दाखवत राहिला.
"पूर्वी एवढं नितळ नसायचं.
वर धरणं झाली, गाळ तिकडेच अडतो.
मासे बुचकळ्यात पडलेत.
तुम्हाला मात्र छान दिसतं, नाही?"
मी फोटो आधीच काढून बसले होते.

रात्रीच्या बाजारात एका बाईने
तळहातावर चमचा ठेवला. पिसासारखा हलका.
बॉम्बच्या पत्र्याचा, म्हणाली,
गावाकडे शेतात अजून सापडतात.
आणि त्याच सुरात:
"दोन घेतलेत तर स्वस्त पडेल."
दोन घेतले. एक मिठाच्या बरणीत असतो.

तर, तो गुलाबी चतकोर.
शेवटच्या दुपारी पूल करकरत ओलांडला,
पलीकडे बुआवान विणत होती.
तिच्या मागाखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली,
म्हणून ती पावडी हलकेच दाबायची,
नक्षी सावकाश पुढे सरकायची.
बघता बघता अंधार पडला.
तिच्या भाच्याने स्कूटरवर बसवलं
आणि लोखंडी पुलावरून थेट दारात सोडलं.
सकाळी विमान.

कित्येक महिन्यांनी कोटाच्या खिशात हात घातला
तर बोटांना तो लागला, धुवून मऊ झालेला.
आता तिकडे नदी फुगली असेल,
बांबू मोळ्या बांधून घराखाली.

दिवस मिटताना मनीवोन
डब्यातले तुकडे आणि परत आलेले तुकडे
ओळीने जुळवते. त्या संध्याकाळी
एक कमी भरला असणार.
तिने पुन्हा मोजलं असेल. सासऱ्याला हाक मारली असेल.
कंदील उचलायच्या आधी
थोडा वेळ पलीकडच्या काठाकडे बघितलं असेल,
कोण राहिलं म्हणून.