चेटकिणीचं चौथं नाव

हेक्समच्या वाचनालयात, रेडिएटरला पाठ लावून
मी चेटकिणीला नावं ठेवत बसते.

शत्रूंसाठी एक, खडबडीत, दोन ठकार घालून.
नावाड्यांसाठी एक,
टाइनच्या गढूळ पाण्यातून उचललेलं.
तिसरं थडग्यावरचं. शेवाळाने अर्धं खाल्लेलं,
उरलं तेवढं घेतलं.

चौथं कुणी उच्चारलं की
ती असेल तिथून मागे वळते.

"हे कुठल्या भाषेतलं?" संपादकबाई मॉरीन विचारते.
"जुन्या. बोलणारं कुणी उरलं नाही."

खोटं नाही तसं.
आईचं माहेरचं नाव ते.
त्या नावाने हाक मारणारा
मामाच शेवटचा, तोही गेला.

लग्नात ताटातल्या तांदळांवर
अंगठीने दुसरं लिहिलं होतं.
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळांचा भात.
तिनेच रांधला.