सहाव्या दिवशी

पहाटे पाचला विकमध्ये धुकं असं बसतं
की चर्चचा मनोरा नुसत्या अंदाजावर उभा असतो.
आमच्या तळघराला खिडकी नाही,
आत येणाऱ्यांच्या ओल्या कोटांवरून बाहेरचं कळतं.

चौदा नंबरच्या खाटेचं रक्त.
रेमेई कासादेवाय, वय एकोणसत्तर, उजवा गुडघा नवा.
शस्त्रक्रियेआधी प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार,
तिसऱ्या दिवशी दोन लाख तीस,
आज सहाव्या दिवशी
अठ्ठ्याण्णव हजार.

यंत्र कधी फसतं.
नळीतच त्या एकमेकींना चिकटल्या
तर अख्ख्या घोळक्याला ते एकच समजतं.
म्हणून काच घेतली, थेंब ओढला, रंगवला,
भिंगाखाली कडेपर्यंत पाहिला.
घोळका नव्हता.
बाजार उठल्यावर चौकात उरतात
तेवढ्याच त्या, जांभळट, लांब लांब.

वर फोन लावला. डॉक्टर ऊलेगेर झोपेतून.
हेपारिन कधीपासून?
पहिल्या रात्रीपासून. रोज पोटात एक सुई.
कुठे रक्त जातंय का?
नाही, ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून,
डावी पोटरी सुजली आहे. गरम लागते.

डावी. म्हणजे न कापलेली.

प्लेटलेट घटल्या की रक्त वाहायला हवं,
इतकं तर शिकाऊ मुलांनाही ठाऊक असतं.
पण हे औषध कुणाकुणाच्या अंगात
प्लेटलेटमधल्याच एका प्रथिनाला जाऊन बिलगतं,
शरीराला ती जोडी परकी वाटते,
ते पहारेकरी सोडतं,
आणि पहारेकरी प्लेटलेटनाच चेतवतात.
त्या मरत नाहीत सगळ्या.
मोजणीत नाहीत, कारण कुठेतरी जमल्या आहेत,
गुठळी बांधायला.
गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या औषधाने.
कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं,
दाताचा आवाजही न करता.

नमुना घ्यायला मीच वर गेले.
ती जागी होती. हात मोठे, बोटांची पेरं लाल,
थंड पाण्याने कायमची रंगवलेली.
कत्तलखान्यात होते, म्हणाली, एकतीस वर्षं,
आतडी धुवायला.
सॉसेजची आवरणं वेगळी, आतली खरवड वेगळी.
खरवडीचे डबे गुरुवारी एक ट्रक घेऊन जायचा.
कशाला लागते म्हणून विचारलं,
तर मुकादम म्हणायचा, औषधाला.
आम्ही हसायचो.

मी सुई काढली, कापूस दाबून धरला, जास्त वेळ.
मग सांगितलं.
ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली.
माझ्या हातची असेल, म्हणाली,
तर निदान स्वच्छ तरी असेल.

तपासणीचा निकाल दोन दिवसांनी येतो,
तोवर थांबायचं नसतं.
पोटातली सुई बंद. शिरेतली नळी
ज्या चार थेंबांनी धुतात ते थेंबही बंद,
तेवढेही पुरतात.
प्लेटलेटची पिशवी मागवू का, नव्या नर्सने विचारलं.
नको. आगीत सरपण नको.
दुसरं औषध, दुसऱ्या जातीचं, थेंबाथेंबाने.

सातव्या दिवशी एक्क्याऐंशी हजार.
मी काच पुन्हा पाहिली, उगाचच.
आठव्याला ऐंशी.
नवव्याला एक लाख चार.
मधल्या एका रात्री तिला धाप लागली,
तिला खालच्या मजल्यावर नेलं, फुप्फुसाचं चित्र काढलं,
काही निघालं नाही. भीतीच होती, ती म्हणाली,
तिचंही वजन असतं.

बाराव्या दिवशी दोन लाख सहा हजार.
आकडा लिहिताना पेन जरा जोरात टेकलं गेलं,
मागच्या पानावर उमटलं.

पोटरी अजून जाड आहे. गोळ्या काही महिने चालतील.
फाइलवर लाल पट्टी लागली,
आणि पाकिटात ठेवायला एक कार्ड:
हिला हेपारिन कधीही देऊ नये.
तिने ते चष्मा लावून दोनदा वाचलं.
मग विचारलं, गुरुवारचा ट्रक
अजून येतो का हो?

मला ठाऊक नव्हतं.
सुटी झाल्यावर बाहेर आले,
नदीपलीकडे कारखान्याचा भोंगा वाजला,
धुक्यात नेमका कुठून ते कळेना.