सात नंबरचा टॅग

कागदावर हिला विहीर म्हणतात.
कठडा नाही, बादली नाही,
वाकून कुणी आत हाक मारत नाही.
वणीकडच्या काळ्या रानात, पऱ्हाटीच्या मधोमध
तारेचं कुंपण, आणि आत माणसाएवढी
व्हॉल्व्हांची उतरंड.

यंत्र गळ्यात अडकवून मी एकेक सांधा हुंगत जाते.
म्हणजे, हुंगतं यंत्रच. मला वास येत नाही.
"घरचं सिलिंडर तर भपकन् येते जी,"
लटारू कुळसंगे म्हणतो, चौकीदार,
बिडीचा कट्टा कुंपणाबाहेर दगडाखाली ठेवून आलेला.
"हे काहून मुकं?"
वास मागाहून मिसळतात, मी सांगते,
माणसाला घाबरता यावं म्हणून.
तो हसत नाही.
"म्हंजे इथं आमाले घाबराची सोय नाई."

तिसऱ्या सांध्यापाशी आकडा चढतो.
साबणपाणी शिंपडलं.
फेस फुगला बेडकाच्या गळ्यासारखा,
फुटला, परत फुगला.
मग पाच लिटरची पिशवी, रबरी पट्टा, घड्याळ.
लटारू श्वास धरून उभा,
जणू त्यालाच भरायची आहे पिशवी.
धुऱ्यावरच्या बोरीखाली दोन शेळ्या पाला ओढतायत.
एक्केचाळीस सेकंद.

मिनिटाला सव्वासात लिटरच्या वर.
दिवसाचे साडेदहा हजार.
टॅग बांधायला हात पुढे केला
तर तिथं आधीच एक:
पिवळा असावा, उन्हानं पांढरा पडलेला.
सात नंबर. एप्रिल. अठ्ठावन्न सेकंद.
अक्षर माझंच.

कळवलं होतं. पोचही आली होती.
गॅस्केट मागवलंय, असं कुणीसं फोनवर म्हणालं होतं
आणि मी बरं म्हणाले होते.

लटारू मला केबिनच्या मागं नेतो.
भिंतीवर कोळशाच्या रेघा, पाचापाचाच्या जुड्या.
"तुमी गेल्यावर मी बी मोजतो.
आंघोळीच्या साबणाचा तुकडा घासतो,
अन् शंभर म्हणेस्तोवर किती फुगे फुटते ते पाह्यतो."
वैशाखात अकरा.
पोळ्याला तेरा.
काल सोळा.

शेऱ्याच्या रकान्यात जागा थोडी असते.
बारीक अक्षरात सगळ्या रेघा उतरवून घेतल्या.
निरीक्षक: ल. कुळसंगे.
साधन: साबण.
ऑफिसात विचारतील. विचारू देत.

नवा टॅग जुन्याच्या शेजारी बांधला, आठ नंबर.
निघताना फाटकातून वळून पाहिलं.
पऱ्हाटीचं पान हलत नव्हतं,
बोरीचं नाही,
आणि ते दोन टॅग
हलत होते.