विंगेतून

पहिल्या अंकात लोणी येत नाही.
शेजारीण लाकडी पिंप घुसळते, घुसळते, घामाघूम होते
आणि म्हणते, सायलेन्स हॅझलटन काल दारावरून गेली होती.
बस. चेटकीण ठरायला एवढं पुरतं.

पिंप रिकामंच आहे. तळाशी एक वीट, आवाजासाठी.
ती मी ठेवली.
टोप्यांना खळ मी केली, इस्त्री मी केली.
न्यायाधीशाची हॅट डेल्मर ऑस्टरहाउटच्या वारलेल्या बापाची,
डेल्मर एरवी विमे विकतो.
प्रयोगाला मी विंगेत असते, स्टुलावर,
मांडीवर वही, वहीवर टॉर्च,
जो अडेल त्याला पुढचा शब्द पुरवायचा.

साल चौपन्न. मॅसॅच्युसेट्स. बाहेर गोठलेला मार्च.
तिसऱ्या रांगेत राखाडी हॅट मांडीवर घेऊन
एक माणूस बसलाय. गावात कुणाचाच पाहुणा नाही तो.
नाटक अडीचशे वर्षांपूर्वीचं, असं पत्रकावर छापलंय,
दोनदा.
ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,
पण आमचं भांडं एवढं मोठं
की पाठीच्या दोन्ही बाजूंनी दिसतं.

दुसरा अंक, तुरुंग.
पायातल्या बेड्यांचे पैसे कैद्यानंच भरायचे,
असा तेव्हाचा नियम.
लोक इथे हसतात.
हसून झाल्यावर शेजारच्याकडे बघत नाहीत.

मागच्या मंगळवारी मी बॉस्टनला गेले होते.
तिसरा मजला. रेडिएटर खडखडत होता.
कुणी ओरडलं नाही. पाणी दिलं, गादीची खुर्ची दिली,
कोट टांगायला हँगरसुद्धा.
पाच नावं त्यांच्याकडे होतीच, टाइप केलेली.
मी फक्त मान हलवली.
आणखी एक तरी, ते म्हणाले, तुमच्या मनानं.
मी म्हटलं, एल्वुड पेटिंगिल.
गिरणीच्या संपात पत्रकं वाटायचा तो. मीही वाटायचे.
तो तर चार वर्षांपूर्वी गेला, फुप्फुसात कापूस भरून.
मेलेल्याचं काय बिघडणार?

शुक्रवारी ग्रंथालयात
त्याच्या मुलीच्या टेबलावर दुसरीच बाई शिक्के मारत होती.

आज सायलेन्स तीच आहे.
तिला कुणी काही सांगितलं का, मला ठाऊक नाही.
टोपीचे बंद मीच बांधले, हनुवटीखाली.
"जरा सैल," एवढंच म्हणाली.

तिसरा अंक.
डेल्मर पुढे झुकतो, विम्याचा हप्ता समजावावा तसा मऊ:
नावं सांग, आणि घरी जा. तुझी गाय हंबरतेय.
आता तिची ओळ.
माझं बोट त्याच ओळीवर आहे.
ती बोलत नाही.
डेल्मरचा डोळा विंगेकडे वळतो.
सभागृहात कुणी खोकत नाही,
राखाडी हॅटवाल्याची पेन्सिलही थांबलीय,
सगळ्यांना वाटतंय, काय काम करते पोरगी!

माझ्या तोंडून ब्र निघत नाही.
त्या खोलीत कसं भराभरा आलं होतं सगळं,
आडनावांच्या स्पेलिंगसकट.

मग ती वळते. सरळ टॉर्चच्या उजेडात बघते.
आणि मी वाचते, कुजबुजीपेक्षा मोठ्यानं,
पहिल्या रांगेला जाईल एवढ्यानं:
माझं नाव मी सांगितलंय. दुसऱ्याचं माझ्याकडे नाही.

तिनं ओळ उचलली नाही.
बघत राहिली.
डेल्मरनं हातोडा आपटला, वेळेच्या बराच आधी,
आणि पडदा अर्ध्यावर अडकत अडकत आला.

रंगपटात तिनं टोपी माझ्या हातात दिली.
गाठ तशीच होती, डोक्यावरून ओरबाडून काढलेली.
उद्या दुपारी पुन्हा खेळ आहे.
घामाचा डाग रात्रीतच धुवायला हवा.
पाणी तापलंय. गाठ काही सुटत नाही,
आणि कात्री लावावी
तर बंद एवढेच आहेत.