पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या

सातपूरला चौथ्या मजल्यावर बसून
मी दिवसभर खोटी माणसं दवाखान्यात दाखल करते.
वय शून्य. वय एकशे वीस. वय उणे चार.
नावाच्या जागी नुसतं एक टिंब.
जन्मतारीख एकतीस फेब्रुवारी,
आणि फॉर्म ती मुकाट्याने घेतो का, ते बघते.
घेतली की मला आनंद होतो. विचित्र धंदा आहे,
दुसऱ्याचं चुकलं की आपला पगार खरा होतो.

ललवाणी म्हणतो, माझ्या मशीनवर चालतंय.
मी म्हणते, मग तुझं मशीनच पाठवू या का
द्वारकेला, डोळ्यांच्या दवाखान्यात,
रोज सकाळी रिक्षाने?

आमचे दादा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
एकतीस वर्षं नोटांचे ताव तपासायचे.
शाई फुटली, आकडा सरकला,
एखादी रेघ अर्ध्यात दमली
की तो ताव बाजूला.
किती कोटी त्यांच्या डोळ्यांखालून गेले,
घरी आली ती फक्त नजर.
लग्नपत्रिका असो की किराणावाल्याची पाटी,
आधी छपाई बघणार, मग मजकूर.
माझ्या दहावीच्या गुणपत्रकावर
टक्के विचारले नाहीत,
म्हणाले, शिक्का तिरका बसलाय.

त्याच डोळ्यांत आता मोतीबिंदू.
डाव्यात पिकलेला, उजव्यात नुकता धरू लागलेला.
मंगळवारी त्यांना जेलरोडवरून घेऊन गेले,
जानेवारीची थंडी, कानटोपी, खिशात जुना चष्मा.
काउंटरवर आमचंच सॉफ्टवेअर. तीन पॉइंट दोन.
माहेरचं कोणी भेटावं तशी मी त्याच्याकडे बघून हसले.

काउंटरवरच्या मुलीने आधी 'उजवा' दाबलं.
दादा म्हणाले, डावा. तिने बदललं,
सेव्ह केलं, पडद्यावर 'डावा' आलं,
शेजारी हिरवी खूणसुद्धा.
प्रिंटरने चिठ्ठी ओकली.
दादांनी ती बऱ्या डोळ्याजवळ नेली,
ट्यूबलाइटकडे तिरकी धरली,
आत पाण्याची खूण असल्यासारखी,
आणि माझ्याकडे दिली.
"वैजू, हा ताव बाजूला काढ."

चिठ्ठीवर 'उजवा' होतं.

मी डावा तपासला होता. पास.
उजवा तपासला होता. पास.
दोन्ही छापून बघितले होते.
माझ्या एकशे चौदा केसेसमध्ये
फक्त निवड बदलणारा माणूस नव्हता.

डॉक्टरांनी फाइल बघितलीच असती,
भुलीआधी विचारलंच असतं,
सगळे मला हेच सांगत होते,
ती मुलगी तर पेनाने खोडून, वर सही करून देत होती,
अशी तिने याआधी किती खोडली होती कोण जाणे.
मी बाकावर बसून लॅपटॉप उघडला.

पायरी एक: नवीन रुग्ण नोंदवा.
पायरी दोन: उजवा डोळा निवडा.
पायरी तीन: रुग्णाला बोलू द्या.
पायरी चार: डावा निवडा, सेव्ह करा, छापा.
अपेक्षित: डावा.
प्रत्यक्ष: उजवा.
तीव्रता:

इथे हात थांबला. यादीत चारच पर्याय,
आणि पार्टिशनपलीकडून दादांचा आवाज,
तक्ता वाचताना, शाळेतल्यासारखा मोठ्याने,
मग मध्येच थबकून:
"चौथ्या ओळीतला 'र' जरा खाली बसलाय हो."

मी सगळ्यात वरचा पर्याय निवडला.
'कोणाला सापडला' या रकान्यात लिहिलं,
सुखदेव पगारे, तपासनीस, निवृत्त.
सिस्टीमने नाव घेतलं नाही.
असा वापरकर्ता अस्तित्वात नाही, म्हणाली.

तेही नोंदवलं. वेगळं.