धोटा

मेडिकलच्या सतरा नंबर खोलीत
कूलरची मोटर चालू असली
की कागदावरच्या रेषेला बारीक दाते फुटतात.
म्हणून इसीजी काढताना मी कूलर बंद करते.
मे महिना, सेहेचाळीस अंश.
पेशंट म्हणतो, बाई, जीव घेता काय?
मी म्हणते, तोच तर मोजतेय.

शर्वरी ढोक, इंजिनिअर, माझ्या मुलीच्या वयाची.
तिनं मला अकरा हजार ठोके दिले
आणि पाच रकाने:
सामान्य. वरून लवकर आलेला. खालून लवकर आलेला.
दोघांची सरमिसळ.
आणि शेवटचा, सांगता येत नाही.
एका ठोक्याला एकच रकाना, मॅडम.
अर्धा इथं अर्धा तिथं चालत नाही.
यंत्र तुमच्याकडूनच शिकणार आहे.

शिकलंच ते.
दुपारी तीनला डोळा लागायचा.
ठोका क्रमांक चार हजार दोनशे सहा
मी सामान्यमध्ये टाकला होता, पेंगत.
आता तसल्या वळणाचा कुणाचाही ठोका आला
की यंत्र त्याला सामान्य म्हणतं,
टक्क जागं राहून.
माझी एक डुलकी त्याला तोंडपाठ आहे.
सत्त्याण्णव टक्के बरोबर, शर्वरी सांगते.
उरलेल्या तिनांत मी कुठं आहे
ते मी तिला सांगितलं नाही.

आज लटारू हेडाऊ आले. गोळीबार चौक,
वय बहात्तर, चाळीस वर्षं हातमाग.
पट्टी मी त्यांच्याच हातात दिली.
बोट रेषेवरून गेलं,
काठावरून जावं तसं, आणि अडलं.
"हे पाहा बाई. इथं धोटा उलिसा लवकर सुटला.
म्हणून पुढचा थांबला. अन् मंग जोरात आला."
चष्मासुद्धा लावला नव्हता त्यांनी.
छातीत कळतं का?
"थांबते तवा कळते.
लवकर येते तो नाही कळत."

यंत्रानं त्यांचे तेवीस ठोके धरले,
खालून आलेले. बरोबर.
चोविसावा सोडला: सामान्य.
मी वाकून पाहिलं.
चार हजार दोनशे सहाचा सख्खा भाऊ.
शर्वरी, हा चुकलाय.
"यंत्र तर म्हणतंय..."
यंत्र नाही, मी चुकलेय. मार्चमध्ये.

रकाना बदलला. शेऱ्यात मराठीत लिहिलं,
धोटा लवकर आला, पुढचा थांबला.
तिच्या पडद्यावर नुसते चौकोन उमटले,
एका मापाचे, ओळीनं.
"हे काय लिहिलंय, मॅडम?"

मी कूलर लावला.
त्या घरघरीत लटारूजी पट्टीची घडी घालत होते,
गिऱ्हाइकाला लुगडं दाखवताना घालतात तशी:
काठ वर,
चूक आत.